नैवेद्याचें ताट आणि ख्रिस्ती मोकळीक

पाठ : करिंथकरांस पहिलें पत्र, अध्याय 8 आणि अध्याय 10, ओव्या 14 ते 33; गलतीकरांस पत्र, अध्याय 2 व 5; रोमकरांस पत्र, अध्याय 14.

चैत्री पौर्णिमा जवळ आली म्हणजे येरमाळ्याचे रस्ते माणसांनीं भरून जातात. धाराशिव जिल्ह्याच्या कळंब तालुक्यांतील, सोलापूर-धुळे मार्गावरचें हें गांव डोंगरावरील येडेश्वरीच्या देवळामुळें दूरदूरच्या लोकांस ठाऊक आहे. पालखी खालीं आमराईकडे येते, भाविक लोक रानांतून चुन्याचे खडे वेचतात, घरोघरीं पुरणपोळीचा स्वयंपाक होतो. आणि मग ह्या भागांतील ख्रिस्ती घरापुढें दरवर्षींचा प्रश्न उभा राहतो : शेजारणीनें पदराखालीं झांकून ताट आणून दिलें, तर तें घ्यावें कीं परत करावें?

हा प्रश्न कोणी लहान समजूं नये. ताट परत गेलें तर पिढ्यांचा शेजार तुटतो. ताट घेतलें तर मंडळींत कुजबुज सुरू होते. कोणी म्हणतात, ज्यानें तें अन्न तोंडीं लाविलें त्यानें ख्रिस्तास नाकारिलें, त्यास प्रभुभोजनास बसूं देऊं नये. कोणी म्हणतात, आम्ही नियमशास्त्राच्या बंधनांतून सुटलों, मग पोळी ती पोळी. खावी, आणि कोणास वाईट वाटलें तर वाटो. दोन्ही पक्ष पवित्र शास्त्राचाच आधार देतात, आणि बिचारा उपदेशक मध्यें सांपडतो. आमचें म्हणणें असें कीं पौलानें ह्या दोघांसही उत्तर दिलेलें आहे. मात्र तें एका ओवींत सांपडत नाहीं, दोन अध्याय सबंध वाचावे लागतात.

प्रथम करिंथ शहराची स्थिति ध्यानीं घ्यावी. तें दोन बंदरांमधलें, पैशानें भरलेलें व्यापारी शहर होतें. देवळांत जे पशु अर्पण होत त्यांचा कांहीं भाग वेदीवर जळे, कांहीं पुजाऱ्यांस व यजमानास मिळे, आणि उरलेलें मांस बाजारांत विक्रीस येई. देवळांच्या आवारांत जेवणाच्या खोल्या असत. तेथील उत्खननांत आरोग्यदेवतेच्या देवळाजवळ अशा खोल्या निघाल्या आहेत. लग्न, वाढदिवस, आजारांतून उठल्याचा आनंद, ह्यांच्या पंगती तेथें बसत. गरिबास मांस दृष्टीस पडे तें बहुधा अशाच प्रसंगीं. तेव्हां करिंथकर ख्रिस्ती माणसास हा प्रश्न वर्षांतून एकदां येत नसे. बाजारांत जातां, नातेवाईकांकडे जातां, धन्याच्या घरीं राबतां, तो पावलोपावलीं येई.

पौलानें येथें सरसकट आज्ञा काढिली नाहीं. त्यानें प्रसंग वेगळे केले. बाजारांत जें विकतें तें घ्या, कोठून आलें ह्याची चौकशी करीत बसूं नका, कारण पृथ्वी प्रभूची आहे. विश्वास न ठेवणाऱ्या कोणीं जेवावयास बोलाविलें आणि जावेंसें वाटलें, तर जा, आणि पुढें वाढलेलें खा. तेथेंही चौकशी नको. परंतु त्याच पंगतींत कोणी सांगितलें कीं हें देवाला दाखविलेलें आहे, तर खाऊं नका. आणि तें सांगणाऱ्याच्या सदसद्विवेकबुद्धीसाठीं, तुमच्या पोटांत कांहीं अपवित्र जाईल म्हणून नव्हे. चौथा प्रसंग मात्र त्यानें अगदीं बंद केला : देवळांत जाऊन त्या पूजेच्या पंगतीचे वांटेकरी होऊं नका, प्रभूच्या मेजाचा आणि त्या मेजाचा, असा दोहोंकडे वांटा घेतां येत नाहीं.

पाहा, अन्न तेंच आहे. एकाच पशूचें मांस चारही ठिकाणीं असूं शकेल. तरी पौलाचीं उत्तरें निरनिराळीं आहेत, कारण तो अन्नाकडे पाहतच नाहीं. आपण कोणाची उपासना करीत आहों, आणि आपल्या शेजारीं बसलेल्या माणसाचें काय होत आहे, ह्या दोन गोष्टींकडे तो पाहतो. नुसत्या ज्ञानानें माणूस फुगतो, आणि दुसऱ्याची उभारणी होते ती प्रीतीनें, असें त्यानें आठव्या अध्यायाच्या आरंभींच बजाविलें आहे. मूर्ति कांहींच नव्हे हें ज्ञान खरें. तें करिंथकरांस चांगलें ठाऊक होतें. आणि त्याच खऱ्या ज्ञानानें ते आपल्या दुबळ्या भावास पाडीत होते.

येथें कोणी म्हणेल, मग नियमच बरा. नियम ठरविला कीं घोळ मिटतो. घोळ मिटतो खरा. पण त्यासाठीं काय मोजावें लागतें तें गलतीकरांच्या पत्रांत पाहावें. पौल आपल्या पत्रांच्या आरंभीं बहुधा मंडळीबद्दल देवाचे आभार मानतो. ह्या पत्रांत तो आभार न मानतां एकदम आश्चर्य व रोष प्रगट करितो. कारण काय? त्या मंडळ्यांत कोणी चोरी केली नव्हती, व्यभिचाराची वार्ता नव्हती. कांहीं धार्मिक माणसांनीं इतकेंच सांगितलें होतें कीं ख्रिस्तावर विश्वास ठेवा, आणि शिवाय सुंता करून घ्या, दिवस व महिने पाळा. त्या ‘शिवाय’ शब्दावर सगळा वाद आहे. मनुष्य देवापुढें नीतिमान ठरतो तो ख्रिस्तावरील विश्वासानें. त्यास एक अटही जोडली, तर भरवसा ख्रिस्तावरून उठून त्या अटीवर जाऊन बसतो.

आणि हा वाद पंगतीवरूनच पेटला होता, हें विसरूं नये. अंत्युखियास पेत्र परराष्ट्रीय बांधवांबरोबर जेवत असे. यरुशलेमाहून कांहीं लोक आले, तसा तो भिऊन मागें सरला व वेगळा बसूं लागला. त्याचें पाहून बर्णबाही ओढला गेला. पेत्रानें तोंडानें सुवार्ता नाकारिली नव्हती, पाट तेवढा उचलून दुसरीकडे ठेविला होता. पौलानें सर्वांदेखत त्याला दोष लाविला. ज्यांच्या वाडवडिलांस ह्या देशांत पंक्तीबाहेर बसविलें गेलें, पाणी वरून ओतून दिलें गेलें, त्यांस पंक्तिभेदाचा अर्थ समजावून सांगण्याची आम्हांस गरज नाहीं. पण त्यांतीलच कांहीं मंडळ्यांत, एका जातींतून आलेले ख्रिस्ती दुसऱ्या जातींतून आलेल्या ख्रिस्ती घरीं जेवावयास अजून कचरतात, सोयरीक तर दूरच. आणि वरून दोघेही नैवेद्याच्या ताटावर कडक नियम करितात! हें उफराटें सोवळें आहे.

पौल हट्टी होता असें समजूं नये. तीताची सुंता करावी असा आग्रह झाला, तेव्हां तो एक घटकाभरही नमला नाहीं. तीमथ्याची सुंता मात्र त्यानें स्वतः करविली, कां कीं त्याची आई यहूदी होती आणि यहूदी लोकांत काम करावयाचें होतें. एकाच्या बाबतींत ती तारणाची अट म्हणून मागितली जात होती. दुसऱ्याच्या बाबतींत ती लोकांजवळ जाण्याची वाट होती. बाहेरून पाहणाऱ्यास ही विसंगति वाटेल. ज्यास ती उलगडली त्यास ताटाचा प्रश्नही बराच उलगडेल.

आपल्या महाराष्ट्राच्या मंडळीच्या इतिहासांत ह्याचें एक बोलकें उदाहरण आहे, आणि तें विलायतेंत घडलें. पंडिता रमाबाईंनीं 1883 सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें आपली कन्या मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. तेथील भगिनीमठांतील सिस्टर जेराल्डिन ही त्यांची आध्यात्मिक माता म्हणविली जाई. रमाबाई शाकाहारी होत्या, आणि बाप्तिस्म्यानंतरही शाकाहारीच राहिल्या. सिस्टर जेराल्डिन हिला ह्यांत जातीच्या अभिमानाचा अंश दिसे. क्रूसावर लॅटिन अक्षरें कां असावींत, आपल्या देशाच्या भाषेंतलीं कां नसावींत, असाही वाद झाला. कोणता सिद्धान्त कोणाच्या अधिकारानें मानावा ह्यावरून तर दोघींत लांबलचक पत्रें चाललीं. रमाबाईंचें म्हणणें थोडक्यांत असें होतें कीं मोठ्या कष्टानें मी एका पुरोहितवर्गाचें जोखड मानेवरून काढिलें. आतां दुसरें तसलेंच जोखड मी घेणार नाहीं. आणि माझ्या पूर्वजांच्या ज्या चालीरीतींत पाप नाहीं त्या मी टाकणार नाहीं.

वाचकांनीं येथें थोडें थांबावें. आपणांस वाटतें कीं नियमांचें ओझें म्हणजे ‘हें खाऊं नको’ असेंच बोलणारें असतें. वाँटेजला तें उलट बोललें : खा, म्हणजे तूं जात सोडलीस असें आम्ही मानूं. मोकळीक सिद्ध करून दाखविण्याची सक्ति झाली कीं ती मोकळीक राहत नाहीं. मांस खाणाऱ्यानें न खाणाऱ्यास तुच्छ मानूं नये, न खाणाऱ्यानें खाणाऱ्यास दोष लावूं नये, असें रोमकरांस लिहिलें आहे. वाँटेजच्या पत्रव्यवहारांत पहिल्या अर्ध्याकडे दुर्लक्ष झालें. सिस्टर जेराल्डिन हिच्याविषयीं न्यायानें इतकें सांगितलें पाहिजे कीं मनोरमेला तिनें मायेनें वाढविलें, आणि रमाबाईंचीं तीं खरमरीत पत्रें तिनेंच जपून ठेविलीं. नाहींतर 1977 सालीं तीं पुस्तकरूपानें छापून आपल्या हातीं आलीं नसतीं.

रमाबाईंनीं ही मोकळीक आपल्यापुरतीच ठेविली नाहीं. 1889 सालीं मुंबईस त्यांनीं शारदा सदन काढिलें, व पुढील वर्षीं तें पुण्यास नेलें. तेथील हिंदु मुलींस आपापले जेवणाखाण्याचे व आचाराचे नियम पाळण्याची पूर्ण सोय त्यांनीं ठेविली होती. ज्या नियमांपासून स्वतः सुटल्या, त्यांचीच दुसऱ्यांसाठीं तरतूद केली. दुबळ्याच्या सदसद्विवेकबुद्धीस धक्का लावूं नये, हा आठव्या अध्यायाचा पाठ त्यांनीं स्वयंपाकघरांत उतरविला. त्याच वेळीं स्वतःच्या प्रार्थनेच्या खोलीचें दार मात्र त्यांनीं लाविलें नाहीं. ज्या मुली आपखुषीनें येऊन बसत त्यांस बसूं दिलें. ह्यावरून 1893 सालीं पुण्यास मोठें वादळ झालें, पुष्कळ मुली पालकांनीं काढून नेल्या, तरी दार उघडेंच राहिलें.

लक्ष्मीबाई टिळकांची गोष्टही ह्याच जातीची आहे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 सालीं झाला, लक्ष्मीबाईंचा 1900 सालीं. मधल्या काळांत पतीजवळ परत राहावयास आल्यावरही त्यांनीं आपलें सोवळें सोडलें नव्हतें. जातिभेद देवानें केलेला नसून माणसानें केलेला आहे, ही गोष्ट एके दिवशीं त्यांच्याच मनांत उजाडली, आणि मग सोवळें आपोआप गळालें. ‘स्मृतिचित्रें’ ज्यांनीं वाचलें त्यांस ती हकीकत स्मरत असेल. कोणा उपदेशकानें पहिल्याच महिन्यांत त्यांच्यापुढें परजातीच्या हातचें पाणी ठेवून परीक्षा पाहिली असती, तर काय झालें असतें, ह्याचा आमच्या उपदेशक बंधूंनीं विचार करावा.

आतां आपल्या गांवांकडे येऊं. नवीन विश्वासणाऱ्या बाईनें बांगड्या घालाव्या कीं नाहीं, मंगळसूत्र काढावें कीं ठेवावें, असे प्रश्न पुष्कळ येतात. ह्यांवर आम्ही जास्त लिहीत नाहीं. नवऱ्याच्या हयातींत बाईचा गळा उघडा झाला तर गांव काय समजतें तें सर्वांस ठाऊक आहे, आणि सुवार्तेनें तसें कोठें मागितलेलेंही नाहीं.

रविवारचा प्रश्न अधिक जड आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास धाराशिव आणि बीड जिल्ह्यांतून हजारों जोडपीं मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीस जातात. चार-सहा महिने कारखान्याच्या मुलुखांत कोप्या घालून राहतात. तेथें गाडी भरली पाहिजे. आठवड्याचा वार कोणी विचारीत नाहीं, आणि खाडा झाला तर पैसे कापले जातात. असा एखादा बांधव चैत्रापर्यंत परत येतो, आणि मंडळीच्या हजेरीपटावर त्याच्या नांवापुढें सगळे महिने रिकामे पाहून त्याला सभेंत जाब विचारला जातो. शब्बाथाची आज्ञा पुन्हा उघडून पाहावी. अनुवादाच्या पांचव्या अध्यायांत ती दास व दासी ह्यांस विसांवा मिळावा म्हणून दिली आहे, आणि मिसर देशांतील गुलामगिरीची आठवण तिला जोडली आहे. तेव्हां जाब विचारावयाचाच असेल तर त्या बागाईतदार बांधवास विचारावा, जो स्वतः धुतलेले कपडे घालून उपासनेस येतो आणि आपल्या सालगड्यास मोटारीवर पाणी धरावयास ठेवून येतो. कोपीवरच्या माणसासाठीं करण्याजोगें एकच आहे : उपदेशकानें एखाद्या रात्रीं फडावर जाऊन, भाकरी झाल्यावर, चुलीच्या उजेडांत दोघांतिघांस घेऊन प्रार्थना करावी. एक दिवस दुसऱ्या दिवसाहून पवित्र मानणारा प्रभूसाठीं मानतो, आणि सर्व दिवस सारखे मानणाराही प्रभूचाच असूं शकतो, असें रोमकरांच्या चौदाव्या अध्यायांत आहे.

ह्यावरून मंडळीस नियम नकोतच, असें कोणी अनुमान काढूं नये. पंचांनीं हिशेब दाखवावा, सभा ठरल्या वेळीं भरावी, ह्या व्यवस्थेच्या गोष्टी आहेत; त्यांवांचून चार माणसें एकत्र राहत नाहींत. यरुशलेमाच्या सभेनें परराष्ट्रीय मंडळ्यांस पत्र लिहिलें, तेंही नियमांचें होतें. पण किती? अवघ्या चार गोष्टी. त्यांतील तीन अन्नाविषयींच्या, यहूदी व परराष्ट्रीय ह्यांस एका पंक्तीस बसतां यावें अशा, आणि चौथी जारकर्मापासून दूर राहण्याची. जास्त ओझें घालावयाचें नाहीं, असें त्या पत्रांतच म्हटलें आहे. आमच्या कांहीं मंडळ्यांचे नियम लिहावयास बसलें तर वही पुरत नाहीं.

दुसऱ्या पक्षासही थोडें बोललें पाहिजे. ‘मला मोकळीक आहे’ असें मोठ्यानें म्हणणारा बांधव बहुधा कोणती मोकळीक मागतो? मुलाच्या लग्नांत सावकाराकडून कर्ज काढून गांवजेवण घालण्याची, मित्रांबरोबर बाटली उघडण्याची, बायकोवर हात टाकण्याची. गलतीकरांस पांचव्या अध्यायांत सांगितलें आहे कीं ही मोकळीक देहवासनेस वाव देण्यासाठीं नव्हे. तिच्या जोरावर एकमेकांचे दास व्हा, आणि तेंही प्रीतीनें. मार्टिन लूथर ह्यानें 1520 सालीं ह्या विषयावर लहानसें पुस्तक लिहिलें, तेव्हां त्यानेंही ह्या दोन टोकांची गांठ मारली : ख्रिस्ती माणूस कोणाचाही अंकित नाहीं, आणि तोच सर्वांचा चाकर आहे.

तर मग येरमाळ्याचें ताट. शेजारीण नेहमींच्या प्रेमानें, सण म्हणून पोळी घेऊन आली आणि कांहीं न बोलतां देऊन गेली, तर घ्यावी, देवाचे आभार मानून खावी, मुलांस द्यावी. ताट रिकामें परत करूं नये, हा आपल्याकडचा रिवाज आहे. त्यांत मूठभर साखर किंवा शेंगदाणे घालून तें परत द्यावें. नाताळांत तिच्या घरीं आपल्या करंज्या जातातच. आणि त्या घ्याव्या कीं नाहीं, ह्याचा विचार कदाचित् तिच्याही घरांत झाला असेल.

पण तिनें म्हटलें, देवीचा प्रसाद आहे, आधीं कपाळाला लावा, मग खा, तर तो कबुलीचा प्रश्न झाला. तेथें हात जोडून, आवाज न चढवितां सांगावें, कीं बाई, तुमचा मान राखतों, पण आमची भक्ति एका ठिकाणीं वाहिलेली आहे. तिच्या देवतेविषयीं एकही वांकडा शब्द काढूं नये. असें नम्रपणें सांगितल्यानें तुटलेले शेजार आम्हीं फार थोडे पाहिले आहेत. दारांतून ताट ढकलून दिल्यानें तुटलेले पुष्कळ.

आणि घरांत एखादा वृद्ध बाप असेल, ज्यानें पन्नास वर्षें चैत्रीला पायीं वारी केली आणि गेल्या वर्षीं बाप्तिस्मा घेतला, तर हिशेब पुन्हा बदलतो. त्याला ती पोळी नुसती पोळी नाहीं. तिच्या वासाबरोबर संबंध जुनें आयुष्य परत येतें. तो ताटाकडे पाहून घुटमळत असतां, तरुण मुलानें आपल्या ज्ञानाची प्रौढी मिरवीत त्याच्यासमोर घांस घेऊं नये. त्या घरानें त्या वर्षीं पोळी खाल्ली नाहीं तर कांहीं बिघडत नाहीं. पौल तर म्हणाला कीं अन्नानें माझा भाऊ अडखळत असेल तर मी जन्मांत मांसास शिवणार नाहीं; आणि हें बोलणारा माणूस मांस खाण्यास पूर्ण मोकळा होता.

चुन्याचे खडे वेचण्यास जावें काय, असेंही तरुण मंडळी विचारितात. गंमत असते, सोबती असतात. तेथें आमचें उत्तर नाहीं असें आहे. तें वेचणें भाविकांची सेवा आहे, ते तें श्रद्धेनें करितात. ज्याची श्रद्धा नाहीं त्यानें त्यांत खेळ म्हणून शिरणें हा त्यांचाही अपमान आहे. जत्रेंत दुकान मांडणें, रिक्षा चालविणें, उन्हानें घेरी आलेल्या म्हातारीस सावलींत नेऊन पाणी पाजणें, ह्यांस मात्र कोणत्याही मंडळीनें अडथळा करूं नये. चैत्राचें ऊन ह्या मुलुखांत कसें असतें तें वाचकांस सांगावयास नको, आणि ती म्हातारी डोंगर चढावयास निघाली होती कीं उतरून आली होती, हें पाणी पाजणाऱ्यानें विचारावयाचें नाहीं.

उपदेशक बंधूंस एक विनंति. जत्रेपूर्वींच्या एखाद्या सायंकाळीं मंडळीस बसवून गलतीकरांस पत्र आरंभापासून शेवटपर्यंत वाचून दाखवावें. सहाच अध्याय आहेत. सावकाश वाचलें तरी अर्ध्या तासांत होतें. मध्यें भाष्य करूं नये. वाचन झाल्यावर, ज्या घरीं गेल्या वर्षीं ताट आलें होतें त्या घरच्या बाईस प्रथम बोलूं द्यावें, आणि तिचें बोलणें संपेपर्यंत पंचांनीं गप्प बसावें.